वाटी बुडेपर्यंत

माघ अर्धा सरला की आमच्या बरकतपुऱ्यात टँकर फिरू लागतात. पंचांगाप्रमाणे उन्हाळा अजून लांब असतो, सकाळी अंगावर शाल लागते, पण गल्लीच्या तोंडाशी टँकर मागे मागे येत असतो आणि पत्र्यावर थापा मारत क्लीनर ओरडत असतो, "आन दे, आन दे, बस!" आमच्या इमारतीचं बोअर तोवर हवा ओकायला लागलेलं असतं. मग वॉचमन यादय्या गच्चीवर जाऊन एकेका मजल्याची चावी फिरवतो. प्रत्येक मजल्याला वीस मिनिटं पाणी. वेळ लावायचं काम माझ्या सुनेकडे, मृणालकडे आहे. ती पुण्याची, कॉम्प्युटरवाली. तिच्या फोनमध्ये सगळ्याच गोष्टींना गजर आहे. वीस मिनिटं झाली की फोन टुणटुणतो, ती खिडकीतून "यादय्या, बंद!" अशी हाक घालते आणि तो पुढच्या मजल्याची चावी उघडतो.

तो आवाज आला की मी उठून आतल्या खोलीत जाते. मृणालला वाटतं, आईंना फोनचा राग आहे. तसं असतं तर किती बरं झालं असतं!

असाच एक आवाज पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आयुष्यात शिरला आणि मग निघालाच नाही. तो काशाच्या थाळीचा होता, आणि वाजवणारी मी होते.

आमचं गाव मराठी मुलूख संपून तेलुगू सुरू होतो तिथलं. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या कागदांवर उर्दू, आणि भांडण तिन्ही भाषांत. दिवाळीनंतर आभाळ जे कोरडं पडायचं ते मृगापर्यंत. मधल्या सहा-सात महिन्यांत गावाला पाणी एवढंच, गावाच्या उशाला असलेल्या तलावातलं. तलावाच्या बांधाला एक दगडी दार होतं, त्याला तूम म्हणत. तूम उघडला की पाणी पाटात यायचं, आणि पाट नऊ रानांच्या कडेकडेनं गव्हाला पाणी देत जायचा. पाट एक आणि तोंडं नऊ, म्हणजे डोकी फुटायला आणखी काय लागतं?

गावात घड्याळं होती. चांगली तीन होती. तिन्ही वेगळी वेळ दाखवायची आणि प्रत्येकाचा मालक देवाशप्पथ सांगायचा की माझंच रेडिओशी जुळतं. म्हणून पाण्याची वेळ गावानं घड्याळावर कधी सोपवलीच नाही. त्यासाठी वाटी होती.

तांब्याची, पातळ, तळहातात मावणारी वाटी. बुडाला मधोमध तिळाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी आत चढत राहतं, वाटी जड होत जाते, काठ पाण्याला टेकतो आणि एका क्षणी ती डुबकन तळाला जाते. ही झाली एक वाटी. बुडाली की काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि एक खडा बाजूला ठेवायचा. ज्याचं जेवढं रान तेवढ्या वाट्या पाणी, कुणाला चार, कुणाला सहा. त्याच्या वाट्या भरल्या की पारावरून काशाची थाळी वाजवायची. ती ऐकून पाटावर उभा असलेला पोशट्टी त्या रानाचं तोंड चिखलानं लिंपायचा आणि फावड्यानं पुढच्याचं उघडायचा.

याला दोन नियम होते, कुठं लिहिलेले नसलेले. वाटी बघणारं माणूस अशा घरातलं हवं, ज्याचं रान या पाण्यावर भिजत नाही. आणि पाणी सोडणाऱ्याचं स्वतःचं रान पाटाच्या अगदी शेवटी हवं. पोशट्टीला गावानं कामाबद्दल दिलेला तुकडा म्हणून नववा होता; आठ जणांना पोचवल्याशिवाय त्याला थेंब मिळायचा नाही. हे ज्या कुणी ठरवलं त्याला माणूस नावाचं जनावर नीट कळलेलं होतं. आमच्या इमारतीच्या बैठकांना बसते तेव्हा मला त्याची फार आठवण येते.

वडील गावात गुरुजी होते. तलावाखाली आमची वीतभर जमीन नव्हती. आधी वाटी बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा वडिलांनी पारावर सगळ्यांसमोर शब्द दिला, "माझी पोर बसेल. टक लावून बसेल." मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी माझी उंची चार बोटं वाढली असेल.

तो हंगाम मला अजून वासांनी आठवतो. ओला पाट, मारुतीच्या अंगावरचं तेल, कुणी तरी मुठीत आणून दिलेला हरभऱ्याचा टहाळा आणि त्याची बोटांना लागलेली आंब. थंडी अशी की घंगाळात हात घालायला नको वाटायचं. उन्हं वर आली की कडुनिंबाच्या पानांतून तांब्यावर उजेड पडायचा आणि वाटीच्या बुडाला थरथरत राहायचा. मला वाटायचं, सगळं गाव माझ्यासमोर त्या पाण्यावर तरंगतं आहे. वाटी बुडायच्या आधीचा क्षण मी श्वास धरून बघायचे. इतकं एकाग्र मी पुढं देवासमोरही कधी बसले नाही.

पोशट्टी मामा उंच, काटकुळा, धोतर मांड्यांपर्यंत खोचलेला. सतत पाण्यात राहून त्याची पावलं पांढरी पडून भेगाळलेली. पाण्याशी तो तेलुगूत बोलायचा. नवं तोंड उघडलं की वाकून म्हणायचा, "रा तल्ली, रा." ये आई, ये. आम्ही पोरी त्याची नक्कल करून हसायचो. तो पण हसायचा आणि म्हणायचा, "मराठीत बोलावलं तर ऐकत न्हाई ती. तिचं माहेर तिकडं हाय."

त्या वर्षी तलाव निम्मासुद्धा भरला नव्हता. रथसप्तमीला शेवटची पाळी आली. गव्हाचा दाणा दुधात होता. दाणा दुधात असताना पाणी चुकलं की ओंबी उभी दिसते आणि आत पोचट असते. हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि सगळ्यांना हेही ठाऊक होतं की त्या दिवशी सूर्य मावळला की तूम बंद होणार. उरलेलं पाणी गुरांचं. त्यात बदल नाही, कुणासाठीच नाही.

संक्रांतीचे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतात. आईनं सकाळी ओच्यात चार लाडू बांधून दिले होते. पहिलं रान गोपाळरावांचं, सहा वाट्यांचं. मी पहिली वाटी सोडली, लाडू खाल्ला, वाटी बुडाली, गुळानं चिकट झालेल्या बोटांनी ती उचलली, रिकामी केली, पुन्हा सोडली.

ती बुडेना.

मला काही वाटलं नाही. खरंच सांगते, मला काही वाटलं नाही. मी दुसरा लाडू काढला. पाण्यात माझा चेहरा बघितला. वाट बघायचं काम असलेल्या माणसाला उशीर झालेला सगळ्यात शेवटी कळतो. गोपाळरावांना कळला असणार, पण ज्याच्या रानात पाणी येत असतं त्याला घड्याळ दिसत नाही. सहावी वाटी बुडाली तेव्हा मारुतीच्या झेंड्याची सावली पार ओलांडून विहिरीच्या वाटेला लागली होती. रोज ती तिथं जाईपर्यंत तिसरं रान भिजून होत असे. मी थाळी वाजवली आणि मग कसं कोण जाणे, वाटी उलटी करून बघितली. भोकाच्या तोंडाशी, ते अर्धंअधिक झाकून, गुळात रुतून बसलेला एक तीळ.

मी तो नखानं काढला. इकडंतिकडं बघितलं. आणि खाऊन टाकला.

लोक मूग गिळून गप्प बसतात. मी तीळ गिळला.

त्यानंतर वाटी अगदी शहाण्यासारखी बुडत राहिली. सातवं रान निम्मं भिजलं आणि सूर्य गेला. तूम बंद झाला. आठवं रान सखूबाईंचं होतं, त्यांच्या मागं कर्तं माणूस नव्हतं. नववं पोशट्टीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर सगळे जमले. सखूबाई ओरडत नव्हत्या, नुसत्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. कुणी तरी म्हणालं, गोपाळरावांचं तोंड उशिरा बांधलं. कुणी म्हणालं, पोशट्टीच्या घरी ज्वारीचं पोतं पोचलं असेल. "अरे, पण त्याचं स्वतःचं रान वाळलं की!" असं एकजण बोलला, तर त्यावर उत्तर आलं, "मग एक नाही, दोन पोती पोचली असतील." गावाचा तर्क असा असतो, एकदा धावत सुटला की त्याला बांध आडवा येत नाही.

पोशट्टी एवढंच म्हणाला, "थाळी वाजली, मी बांधलो."

"पोरीला विचारा," मागून कुणी तरी म्हणालं. मी वडिलांच्या पाठीशी उभी होते. माझे कान गरम झाले. पण गावातले सगळ्यांत वडीलधारे हात झटकून म्हणाले, "पोरीला काय विचारायचं? वाटी कधी खोटं बोलत नाही." आणि वडिलांनी मागं न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं. त्यांना मरेपर्यंत काही कळलं नाही.

पोशट्टीनं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. मग फावडं पारावर आडवं ठेवलं आणि म्हणाला, "दुसरा बघा." महिन्याभरात तो बायकापोरांना घेऊन हैदराबादला गेला. जाताना त्यांची गाडी आमच्या दारावरून गेली. मी उतरंडीमागं लपून बसले होते.

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा वडिलांचं पहिलं पत्र आलं. खुशाली, आशीर्वाद आणि खाली एक ओळ: आपला पोशट्टी तिकडेच विद्यानगरात एका बंगल्यावर माळीकाम करतो असे कळले, भेट झाल्यास विचारपूस करावी. पत्ताही दिला होता. बरकतपुऱ्याहून विद्यानगर म्हणजे पायी जावं तर अर्धा तास. चाळीस वर्षं मी तो अर्धा तास चालले नाही.

एकदा बघितला होता त्याला. मी सायकलरिक्षातून मैत्रिणीकडं निघाले होते, मांडीवर मुलगा होता. एका फाटकाआत तो रबरी नळी धरून गुलाबाच्या आळ्यांत पाणी सोडत होता. तसाच वाकलेला. ओठ हलत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "रोकूं क्या अम्मा?" मी म्हणाले, "नक्को, सीधा चलो." खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. त्यानंतर सुलतान बाजारात जायचं असलं तरी मी वाट वाकडी करून त्या रस्त्यापासून लांबूनच जायचे, आणि सुलतान बाजार तर अगदी उलट्या दिशेला आहे! संक्रांतीला मी लाडू वळते, वाटते, खात नाही. घरातले समजतात दातांना चिकटतो.

वडील गेले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या ट्रंकेत ती वाटी निघाली. ज्याचं रान भिजत नाही त्याच्याच घरी ती राहायची, म्हणून आमच्याकडं राहून गेली होती. तिचं काम मात्र केव्हाच संपलं होतं. पोशट्टी गेल्यावर दोनच हंगामांत गोपाळरावांनी मोटार बसवली, मग दुसऱ्यानं बसवली, मग बोअर आली, एकाच्या शेजारी दुसरं, दुसऱ्याच्या खाली तिसरं. तलावाला कुणी विचारेना. आता तिथं गाळ आहे, बाभळी आहेत आणि प्लॉट पाडल्याचे पांढरे दगड आहेत. वाटी मी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली. सून विचारते, "आई, याला भोक आहे, टाकून देऊ का?"

यंदाच्या माघात मात्र एक गोष्ट घडली. आमच्या मजल्याला पाणी चांगलं तासभर आलं आणि वरच्या मजल्याला आलंच नाही. वरचे गृहस्थ खाली उतरले आणि यादय्यावर तुटून पडले, तू यांच्याकडनं काही तरी घेतोस म्हणून. यादय्या बिचारा हात जोडून म्हणाला, "फोन बजा तो बंद करतूं मैं. बजाच नै, मैं क्या करूं?"

मी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली. बाहेर आले आणि म्हणाले, "त्याला कशाला बोलताय? गजर आमच्याकडं असतो. तोच वाजला नाही. चूक आमची." मृणालनं फोन बघितला, तो रात्री चार्ज करायचा राहिला होता. "शी, सॉरी अंकल," ती म्हणाली. अंकल पुटपुटत वर गेले. यादय्या जिना उतरला. संपलं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी खुर्चीत बसून रडले. एवढंच होतं तर! एवढंसं वाक्य, आणि त्याच्यापायी एक माणूस गाव सोडून गेला.

त्याच दुपारी वाटी चिंचेनं लख्ख घासली, रुमालात बांधून पिशवीत घातली आणि ऑटो केला. ऑटोवाला वैतागला, "अम्मा, विद्यानगर बोल के बैठ गए, गली नै मालूम बोल रै!" गली मला पाठ होती. तोंडातून निघत नव्हती, एवढंच.

बंगला जाऊन तिथं इमारत उभी आहे. पोशट्टीचा मुलगा आता तिचा वॉचमन, तळाशी त्यांची खोली. मुलाच्या बायकोनं दार उघडून विचारलं, "एवरु कावालम्मा?" कोण हवं आहे. मी पोशट्टीचं नाव सांगितलं. तिनं आत बोट दाखवलं.

खाटेवर तो बसला होता. उंच माणसं म्हातारपणी घडी घातल्यासारखी होतात. पावलं मात्र तीच, पांढरी. मी म्हणाले, "मामा, मी गुरुजींची पोर."

त्यानं खाटेची कड धरून मान पुढं काढली. मग म्हणाला, "वाटीवाली."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लाडू, गूळ, तीळ, गिळला तेसुद्धा. शब्द एकावर एक पडत होते. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "बस. खुर्ची हाय." आणि मग, "तीळ होता व्हय? मला वाटायचं, डोळा लागला आसंल पोरीचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझी सावली मी पावलानं मोजायचो की. पहिल्या रानात इतका टैम लागत न्हाई. लई घालमेल झाली बघ. थाळीच्या आधी बांधलो तर चोर, थांबलो तर बी चोर."

"मग पारावर सांगितलं का नाही? माझ्यासाठी?"

तो हसला. दात नव्हते. "तुझ्यासाठी न्हाई बाई. खोटं कशाला बोलू? तुला तर दोन चापट्या द्याव्या वाटल्या. पण वाटी चुकली म्हनलो असतो, तर दुसऱ्या दिवशी कोन मानलं असतं तिला? हरेकाच्या एका हातात घड्याळ आलं असतं आन दुसऱ्या हातात कुऱ्हाड. मानसाला खोटं म्हनू द्या. मानूस दुसरा मिळतो."

खोलीत त्याची सून भांडी लावत होती. बाहेर पाण्याची मोटार सुरू झाली. त्यानं मान त्या आवाजाकडं वळवली, जशी सवयीनं वळते. मग पुढं वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी गेलोच न्हाई परत. पाय उचलला न्हाई. चालायली ना वाटी अजून?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. रुमालातून वाटीचा काठ हाताला लागत होता. मी खरं सांगायला आले होते. पन्नास वर्षांनी, आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगून मोकळी व्हायला आले होते. त्याचे डोळे पाणावलेले होते, म्हातारपणानं की कशानं, मला कळलं नाही.

"चालायली," मी म्हणाले.

"कोन बघतंय?"

"ज्यांचं रान भिजत न्हाई, त्यांच्यातलीच एक."

"तसंच पायजे." त्यानं मान हलवली. निघाले तेव्हा मागून म्हणाला, "तिला सांग, थाळी मोठ्यानं वाजव म्हनावं. शेवटच्या रानात ऐकू येत न्हाई."

परत येताना मी ऑटो केला नाही. चालत आले. बरोबर अर्धा तास लागला.

आता रोज सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा मी बादली भरून घेते. वाटी उजेडासमोर धरून भोकातून आरपार बघते. काही नसतं. तरी बघते. मग ती पाण्यावर सोडते आणि बुडेपर्यंत समोर बसते. काल ती बुडाल्यावर मी जेवणाची थाळी घेतली आणि उलथन्यानं हाणली. मृणाल धावत आली, "आई! काय झालं? केवढ्यानं वाजवता!"

"तिकडं शेवटपर्यंत ऐकू जायला हवं ना," मी म्हणाले, आणि वाटी काढून रिकामी केली.